आमच्या केबलचे सोमवार

किस्से निर्माल्यासारखे साठतात. रोज थोडे थोडे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही उरत नाही. मग एखाद्या हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतं, "वयनी, तो नळाचो किस्सो सांग गो," आणि सगळी पिशवीच उलटी होते. आज तशीच झाली आहे असं समजा.

गोवा राज्य होऊन थोडी वर्षं लोटली होती. पेडण्यात घरोघरी टीव्ही आले होते आणि आमच्या ह्यांनी केबलचा धंदा सुरू केला. तार खांबांवरून कमी आणि झाडांवरून जास्त जायची. आंबा, फणस, मग कोरगावच्या वाटेवर काजूच काजू. दिवसभर बाहेरची चॅनेलं, आणि तिन्हीसांजेला अर्धा तास आमचा स्वतःचा. त्यात गावच्या बातम्या, कुठल्या तरी जत्रेचं चित्रण, आणि सोमवारी माझं व्रतकथेचं वाचन.

आज ती केबल नाही. पुढचं वाचून वाटेल की सरकारने बंद पाडली. तसं नाही. सरकारशी आमचं जमलं. बंद पाडली ती छपरांवरच्या डिशच्या छत्र्यांनी. आता शेकडो चॅनेलं लागतात, पण उद्या कोरगावच्या नळाला पाणी आहे की नाही, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं. देवाकडे दिवा लावला की अजून माझा कान मशीनांच्या रिकाम्या कोपऱ्याकडे जातो. तिथून बाबलभावजी खाकरतील आणि म्हणतील, नमस्कार, आता गावच्या बातम्या.

* * *

आमची माणसं म्हणजे हे, गजा आणि बाबलभावजी. गजा कॅमेरावाला. त्याआधी तो फक्त लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळे त्याला सगळं जग लग्नासारखंच दिसायचं. पंचायतीच्या नव्या खोलीचं उद्घाटन त्याने केलं ते दोन बदामांच्या आकारात, एका बदामात सरपंच आणि दुसऱ्यात कंत्राटदार.

मी पडद्यावर आले तीही गजामुळेच. श्रावणातला सोमवार होता. बाबलभावजी कुठे नाटकाला गेलेले, अर्धा तास रिकामा. मी देवाच्या खोलीत पाटावर बसून सोमवारची कहाणी वाचत होते. आमची सगळी मशीनं त्याच खोलीत होती, कारण पावसात न गळणारी तेवढी एकच खोली. गजाने दारातून कॅमेरा लावला आणि मला न विचारता केबलवर सोडून दिलं. मी आपली ओल्या केसांची, आवाज मनातल्या मनात ठेवण्याइतकाच, आणि साऱ्या पेडणे, तुये, कोरगावात मी चालू!

मला कळलं दुसऱ्या दिवशी. कोरगावच्या बसच्या कंडक्टरने घरी येऊन आईचा निरोप दिला. माझी आई कोरगावला. अंगणात पडली तेव्हापासून बाजेवरच होती, आणि सासरच्या व्यापात माझं जाणं सणावारी. मला वाटलं, लेक टीव्हीत आली म्हणून आशीर्वाद पाठवला असेल. निरोप होता, "कुंकू वाकडं लावलंस."

त्या दिवसापासून सोमवार आईचा झाला. भाऊ सांगायचा, दुपारपासूनच तिची गडबड. वेणी घालून घ्यायची, लुगडं बदलून घ्यायची. म्हणायची, "ती माका बघता."

* * *

बाबलभावजी आमचे बातम्या देणारे. तसे ते दशावतारात राजाचं काम करायचे, आयुष्यभर राजाच. बातम्याही त्यांनी राजासारख्याच दिल्या. "वीज खात्याने आज आपली कृपादृष्टी तुये गावावरून काढून घेतली आहे," असं ते छातीवर हात ठेवून म्हणायचे. एकदा रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी देऊन झाल्यावर सवयीने राजाचं हसणं हसले, चांगलं लांबलचक.

लोकांचे फोन आले, बातमी परत लावा. रस्ते खात्याच्या इंजिनिअरचाही फोन आला. बातमीबद्दल माझं म्हणणं नाही म्हणाला, ते हसणं तेवढं काढा.

* * *

आता नळाचा किस्सा.

एका वाड्यावर नवी पाइपलाइन झाली. मोठे पाहुणे आले, फीत कापली, नारळ फुटला आणि नळ सोडला. नळातून आली हवा. फुस्स करून आली आणि येतच राहिली. बाकीचे टाळ्या वाजवून चहाकडे वळले. गजा मात्र लग्नातला माणूस. मंगळाष्टकं संपून माळ पडेपर्यंत वधूच्या हातावरून कॅमेरा हलवायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तो नळावर कॅमेरा धरून पाण्याची वाट बघत राहिला. संध्याकाळी आम्ही ते आहे तसं दाखवलं. बाबलभावजी त्या दिवशी आजारी होते, म्हणून त्यावर कुणी एक अक्षरही बोललं नाही. नुसता नळ, आणि खाली मांडलेल्या रिकाम्या बालद्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. केबलवर देखरेख ठेवायला सरकारने नेमलेले होते ते. मूळचे डिचोलीकडचे, वयाने आमच्याहून लहान, बोलणं ऑफिसातलं स्वच्छ मराठी. सोबत म्हातारा शिपाई. साहेब म्हणाले, हे सरकारविरोधी प्रक्षेपण आहे.

हे म्हणाले, "साहेब, आम्ही एक शब्दसुद्धा बोललो नाही."

"तेच तर," साहेब म्हणाले, "काहीतरी बोलायचं होतं."

* * *

मग हुकूम आला की दाखवायच्या आधी प्रत्येक कॅसेट साहेबांना दाखवायची. आता साहेबांच्या ऑफिसात कॅसेट लावायचं मशीन नव्हतं. ते होतं आमच्याकडे. त्यामुळे साहेबच रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागले. शिपाई पायरीवर, साहेब आतल्या खुर्चीवर. दारात आलेल्या माणसाला मी कोरडा कसा ठेवणार? चहा व्हायचा. पोदेराकडचे पाव असले तर पाव. साहेब खाली मान घालून खायचे आणि मग वर टीव्हीकडे बघून कॅसेटमधलं कापायला सांगायचे.

बाबलभावजींना ते सोसेना. साहेब ऐकतील अशा बेताने ते गजाला म्हणाले, "संघप्रदेश होतो तेव्हा दिल्लीक भियायचे. आता आपला राज्य झाला, आता पणजीक भियायचा. तेवढाच बसभाडा वाचला."

साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांना वरून फोन यायचे. फोन येऊन गेला की ते चहा अर्धा टाकायचे, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं.

एका सोमवारी माझीच कॅसेट लागली. कहाणीत एक राजा मातला, देवाला विसरला आणि त्याचं राज्य गेलं. साहेबांनी मशीन थांबवायला सांगितलं.

"हा राजा कोण?"

मी म्हटलं, कहाणीतला.

"ते झालं. पण लोक कुणाला समजतील?"

मी म्हटलं, जो मातला असेल त्याला समजतील. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग फार नरमाईने म्हणाले, वहिनी, राजाच्या जागी वाणी करता आलं तर बघा.

मी देवाची क्षमा मागून राजाचा वाणी केला. मंगळवारी बाजारातल्या दुकानदाराने जाहिरात बंद केली. त्याच्या बायकोने मला देवळात गाठून विचारलं, आमच्या मालकांनी तुमचं काय वाईट केलं? पुढच्या सोमवारी मी साहेबांनाच विचारलं, "राजा नको, वाणी नको, मग आता मी मातवू कुणाला?"

साहेबांनी राजा परत घ्यायला परवानगी दिली. फक्त त्याचं राज्य दूर उत्तरेला असल्याचं सांगा म्हणाले.

* * *

हसायचे दिवस तुयेच्या विहिरीपाशी संपले.

तुयेला कारखाने. तिथे कोल्हापूर, बेळगावकडून आलेली माणसं भाड्याच्या खोल्यांत राहायची. त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर फेस येऊ लागला. बायका सगळीकडे सांगून थकल्या आणि एक दिवस माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कळशी भरूनच आणली होती. त्यांच्यातली एक म्हणाली, "वैनी, तुमी त्या टीव्हीत देवाचं सांगता नव्हं? आमचंबी तेवढं सांगा की. पोरांस्नी हेच पाजाय लागतंय."

ह्यांनी मला विचारलं, काय करूया? मी म्हटलं, गाऱ्हाणं घेऊन आलेल्याचं तोंड आपण बंद करायचं नसतं. ऐकायचं की नाही ते देव आणि सरकार बघतील. आपण पोचवायचं.

ती कॅसेट आम्ही साहेबांना दाखवली नाही. गजाने विहीर घेतली, कळशी घेतली, त्या बायकांना बोलू दिलं. बाबलभावजी पडद्यावर आले आणि मी पहिल्यांदाच त्यांना राजा न होता बोलताना ऐकलं. छातीवर हात नाही, हसणं नाही, साधा शेजाऱ्यासारखा आवाज. "ही विहीर तुयेला आहे. हे पाणी माणसं पितात."

घरात कुणी जेवलं नाही त्या संध्याकाळी. कारण उद्या काय होणार ते आम्हाला माहीत होतं.

* * *

सकाळी साहेब आले. सोबत शिपाई, मेणबत्ती आणि लाख. साहेबांनी आपल्या सहीचा हुकूम ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी पोच म्हणून सही केली. शिपायाने आतल्या खोलीचं दार ओढलं, कुलूप घातलं, कापड बांधलं, वर लाख ओतली आणि शिक्का मारला.

सगळं झाल्यावर मी विचारलं, "साहेब, माझा दिवा?"

न गळणारी खोली एकच होती, हे मी वर सांगितलंच आहे. मशीनं आत, आणि देवही आत. सरकारने आमचे देव सील केले होते.

साहेबांनी दाराकडे बघितलं. दाराच्या फटीतून समईचा उजेड दिसत होता. त्यांनी चपला काढल्या, दाराला हात लावला आणि मागे घेतला. शेवटी म्हणाले, देव तेवढे बाहेर काढून घ्या वहिनी, आम्ही परत सील करतो.

मी म्हटलं, आमचे देव असे हलत नाहीत. हलवायचे तर गावच्या देवळात कौल घ्यावा लागतो. डिचोलीच्या माणसाला हे समजावून सांगायला लागलं नाही. देवीला पाण्याने पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही, हे त्यांनी लहानपणापासून बघितलेलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "कौल कधी असतो?" कौलाचा दिवस यायचा होता.

तोवर असं ठरलं की तिन्हीसांजेला शिपाई येणार, सील फोडणार, मी दिवा लावणार, आणि तो परत सील करणार. म्हातारा रोज यायचा. दारात उभा राहून नजर खाली घालायचा. मी दिवा लावायचे, निरांजन ओवाळायचे. खोली एवढीशी, ताट फिरवलं की मशीनावरूनही फिरायचं.

एक दिवस तो फार अवघडून म्हणाला, "वयनी, मशीनाक ओवाळू नका. माका रिपोर्ट करूचो लागतलो."

* * *

सोमवार आला. कोरगावहून कंडक्टरचा निरोप, आईने वेणी घालून घेतलीय आणि टीव्ही लावून बसलीय. भावाने तिला सांगितलं होतं की केबल बंद आहे. तिने ऐकून घेतलं आणि परत टीव्ही लावायला सांगितलं. काळ्या पांढऱ्या मुंग्या बघत बसली.

मला घरात राहवेना. सासूबाईंना विचारून उपाशीच बस धरली. आईच्या बाजेशी पाट घेतला, कुंकू तिला दाखवून सरळ करून घेतलं, आणि सगळी कहाणी वाचली. राजा मातला, राज्य गेलं, राणीने व्रत धरलं, सगळं परत आलं. आईने शेवटी हात जोडले. मला वाटलं, झालं समाधान. पडद्यातल्यापेक्षा समोरची लेक बरीच ना?

मी विचारलं, बरं वाटलं?

ती म्हणाली, "हंय सांगतंस तां माका एकटीक. थंय सांगलंस की सारो कोरगाव ऐकता."

शेजारच्या कुणी कुणी म्हाताऱ्या सोमवारी तिच्या खोलीत येऊन बसायच्या, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्याही आल्या नव्हत्या. टीव्ही चालू होता आणि त्यात काहीच नव्हतं. परतीच्या बसमध्ये मी सोळा सोमवार बोलले. केबल उघडू दे म्हणून नाही. आईच्या खोलीत पुन्हा बायका जमू देत, म्हणून.

* * *

आणि कौलाचा दिवस.

देऊळ भरलं होतं. पेडण्यातले निम्मे लोक कौलाला आले होते आणि निम्मे साहेबांना बघायला. साहेब अनवाणी, खांबाला टेकून. हे एका बाजूला, बाबलभावजी माझ्या मागे. गजा कॅमेरा घेऊन आला होता, तो काही खोलीत सील झालेला नव्हता.

साहेब गुरवाजवळ जाऊन हळू म्हणाले, देव हलवायचे की नाही, एवढंच विचारा. बाकी काही नको.

गुरव म्हणाला, विचारतो तेवढंच, पण आधी गाऱ्हाणं होतं. ते घरच्या दुःखाचं असतं आणि मोठ्याने असतं. त्याने पाकळ्या लावल्या, देवीसमोर उभा राहिला आणि सुरू झाला.

"म्हाराजा, ह्या घरची वाचा आज कुलपात आसा, म्हाराजा!"

सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"हिची आवय कोरगावात बाजेर पडून सोमाराची वाट बघता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"तुयेच्या बायो फेसाचा पाणी भरतत, आणि तां सांगणारो आता कोण नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." हे सर्वांत मोठ्याने झालं. तुयेच्या त्या बायका दाराशी उभ्या होत्या. त्यांना आमची रीत माहीत नव्हती, पण कधी होय म्हणायचं ते त्यांना बरोबर कळलं.

मग गुरवाने प्रश्न घातला. आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. डावी पडली. देव हलणार नव्हते.

साहेब म्हणाले, पुन्हा एकदा विचारा.

गुरव म्हणाला, "एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत साहेब. ते ऑफिसात."

देवळात हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण साहेब हसण्यासारखे दिसत नव्हते. देव हलत नाहीत, सील हलत नाही. संध्याकाळी परत म्हातारा येणार आणि मेणबत्ती पेटवणार. साहेब गुरवाच्या कानाशी लागले. मला एक गाऱ्हाणं घालायचंय, ते मनातल्या मनात घालतो.

गुरवाने मान हलवली. मनातलं चालत नाही. सगळ्यांनी ऐकल्याशिवाय सगळे होय कसे म्हणणार?

साहेबांनी गजाकडे बघितलं. "तो बंद कर."

गजाने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. मी मानेने होय म्हटलं. गजाने कॅमेरा खाली घेतला आणि जमिनीवर ठेवून दिला.

साहेब देवीसमोर गेले. हात जोडले. मी त्यांचं ऑफिसातलं मराठीच ऐकलं होतं, इतके दिवस, इतक्या चहांवर. आता ते बोलले ते डिचोलीच्या घरातलं, आईशी बोलावं तसं.

"म्हाराजा, कागदार सही म्हजी आसा. पूण मन म्हजें नाशिल्लें. वयल्यांचो फोन आयलो आनी हांव भियेलों. आयज हांव हें कुलूप काडटां. फाल्यां परत फोन येतलो. तेन्ना म्हाका बोलपाक धीर दी, म्हाराजा."

आज कुलूप काढतो, उद्या वरून फोन आला की बोलायचा धीर दे, एवढंच मागणं. मग एकदम सगळं देऊळ, ह्यांच्यासकट, दारातल्या बायकांसकट, म्हणालं, "व्हय म्हाराजा."

बाबलभावजी डोळे पुसत माझ्या कानाशी वाकले.

"वयनी," ते म्हणाले, "इतकी वर्षां राजा केलो. ह्यां माका जमला नसता."